रेडिओताई आधी जाऊन येत

रेडिओताईंवर लिहा म्हणून इथल्या मंडळींनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. त्यांचं माहेर कुठलं, शिक्षण किती, यातलं मला धड काही ठाऊक नाही. शनिवारी सकाळी त्यांच्या अर्ध्या तासाच्या मराठी कार्यक्रमात मी हवामान वाचायचो, एवढीच ओळख. तेही त्यांनीच गळ्यात मारलं. आवाज बारीक येतो अशी तक्रार करायला गेलो, तर "मग तुम्हीच जरा मोठ्याने वाचा, काका" म्हणून हातात कागद दिला.

ते रेडिओ केंद्र आमच्यासारख्या बाहेरून येऊन वसलेल्या लोकांसाठी होतं. प्रत्येक भाषेला आपापला वेळ, आणि त्याचा खर्च ज्याने त्याने जाहिराती आणून भागवायचा. ताई दुकानोदुकानी हिंडून जाहिराती आणत. पण त्यांची एक खोड होती. जे स्वतः पाहिलं नाही, वापरलं नाही, त्याची जाहिरात त्या वाचत नसत. गाद्यांच्या दुकानात त्या नुसत्या आडव्या झाल्या नाहीत, चांगल्या घोरल्या, असं त्यांची बहीण सांगे. दातांच्या डॉक्टरकडे न दुखणारा दात घेऊन गेल्या, आणि त्याने काही न करता परत पाठवलं म्हणून त्याची जाहिरात फार कौतुकाने वाचली. त्यांचंही खरं होतं. श्रोते थोडे, पण सगळे ओळखीचे. गादी पाठीला टोचली तर माणूस दुकानात जात नसे, ताईंच्या दारात येई.

मग आम्हाला जाहिरात देणारं फर्निचरचं दुकान बंद पडलं. तीच आमची मोठी जाहिरात. केंद्राच्या साहेबांनी सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंत तशीच दुसरी मिळाली नाही तर हा अर्धा तास दुसऱ्या भाषेला जाईल. ताई त्या दिवशी निवेदन करताना दोनदा अडखळल्या. एरवी त्या श्वास घ्यायलाही थांबत नसत.

शेवटी आली ती एकच जाहिरात, अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या कंपनीची. आमचे श्रोते बहुतेक सत्तरीपुढचे, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. त्यांच्या जाहिरात संस्थेने सगळ्या भाषांसाठी एकच मजकूर केला होता आणि वर सूचना दिली होती की तो उत्साही आवाजात वाचावा, मागे आनंदी संगीत असावं.

बहिणीने विचारलं, "आता हे कसं गं वापरून बघणार?"

"जेवढं बघता येईल तेवढं बघेन," ताई म्हणाल्या आणि मला बरोबर चला म्हणाल्या. मीच कशाला, असं विचारल्यावर म्हणाल्या, "तुम्ही वयाने शोभता."

तिथे काळ्या सुटातला एक गृहस्थ हलक्या पावलांनी आला आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. काम कोणाचं आहे याचा अंदाज घेत असावा. मी उगीच ताठ उभा राहिलो. ताई एकेका खुर्चीत बसल्या आणि कोणाच्या आधाराशिवाय उठता येतं का ते त्यांनी पाहिलं. मोकळेपणाने रडायला वेगळी खोली आहे का, लहान मुलं पळापळ करू लागली तर कोणी डोळे वटारतं का, पुढचं कुटुंब दारात खोळंबून असतं का, सगळं विचारलं. चहा घेतला. मग दुसरा कप मागितला, त्याच्या कपाळाला आठी पडते का ते बघायला. पडली नाही.

शनिवारी त्यांनी संस्थेचा कागद बाजूला सारला, संगीत बंद ठेवायला लावलं आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "मी स्वतः जाऊन आले. खुर्च्या उंच आहेत, गुडघ्यांना त्रास नाही. चहा गरम असतो, आणि कोणी घाई करत नाही. पूर्ण अनुभव मात्र मी घेतलेला नाही, तेवढं समजून घ्या."

मी पुढे हवामान वाचायचं विसरलो.

काचेपलीकडून साहेबांनी खुणेनेच मला विचारलं, काय म्हणाल्या? त्यांना मराठी येत नव्हतं. मी अंगठा दाखवला खरा. जाहिरात गेली तर अर्धा तास गेला, आणि ताईंना दुसरं काय होतं, मला माहीत नाही.

पुढचा आठवडाभर आमची म्हातारी मंडळी जोडीजोडीने तिथे जाऊन खुर्च्यांत बसून आली. काहींनी दुसरा कपही मागितला म्हणे. सुटातल्या गृहस्थाने केंद्रात फोन करून सांगितलं की इतक्या आधीपासून आणि इतक्या हसऱ्या चेहऱ्याने चौकशीला येणारी माणसं त्याने पाहिली नव्हती. कंपनीने वर्षभराची जाहिरात दिली. आमचा अर्धा तास वाचला, आणि ताई पुन्हा श्वास न घेता बोलू लागल्या.

ते वर्ष संपायच्या आत ताई अचानक गेल्या. आदल्या शनिवारी आम्ही कार्यक्रम आटोपून जिना उतरत होतो. चष्म्याच्या एका नव्या दुकानाची जाहिरात आली होती.

"काका, मंगळवारी या बरोबर. तुमचे डोळे तपासून घेऊ."

"ताई, माझा चष्मा नवा आहे."

"मग जुना घालून या," त्या म्हणाल्या.