तिसऱ्या नळीतला थर

आक्का प्रयोगशाळेत बाटल्या धुवायची, एकवीस वर्षं. तिच्या हातची काच अशी लख्ख, की तिच्यात बघून भांग पाडावा. एरवी तोंडाने फटकळ, पण त्या सकाळी एकच बाटली पुन्हा पुन्हा घासत होती.

नदीतल्या दगडावर बुळबुळीत थर असतो ना, पाय सटकतो तो, त्यात डोळ्यांना न दिसणारे नाना जीव नांदतात. मॅडमने, म्हणजे लेकीच्या वयाच्या पोरीने, त्यातले पाचच निवडून काचेच्या नळ्यांत त्यांचा संसार मांडला होता. आधी कोण घरात शिरलं तर कोण टिकतं, एवढंच बघायचं. पाणीसुद्धा उकळून निर्जीव केलेलं. सहावा पाहुणा नको म्हणजे नको.

तिसऱ्या नळीत तिने क्रम बदलला, आणि तिथेच थर सायीसारखा जाड झाला. पोर नुसती उडत होती. "आक्का, जमलं हो! अकराला मोठे सर येतायत बघायला."

आक्काने हातातली बाटली खाली ठेवली. बारा दिवसांमागे त्याच नळीचं रबरी बूच तिच्या हातून जमिनीवर पडलं होतं. पडलेली वस्तू नळाखाली धरायची, ही तिची जन्माची खोड. धरलं, झटकलं, बसवलं. आणि नळाचं पाणी काही उकळलेलं नसतं.

बोलावं तर नोकरी जायची, आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. न बोलावं तर ही पोर चारचौघांत भलतंच सांगून बसायची. बाहेर सरांचे बूट वाजले.

"मॅडम, थांबा. तो थर तुमच्या पाचांचा नसेल. ते बूच पडलं, तेव्हा मी नळाखाली धुतलं होतं."

मॅडम पांढरीफटक. "आणि आज सांगताय?"

"धुणं चुकीचं असतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही हो."

सरांनी दारातूनच ऐकलं. "थर खरवडून तपासा," म्हणाले, आणि आल्या पावली गेले.

दोन दिवस मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. आक्काने आपला डबा, जुना ॲप्रन, सगळं पिशवीत भरून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी मॅडम समोर येऊन उभी राहिली. "पाचांचे अकरा निघाले. तुमच्या नळाने गोतावळाच आणला की!"

"मग जाऊ मी?"

"कुठे जाताय? तिसरी नळी पुन्हा लावायचीय. आणि काही पडलं, तर आधी मला हाक मारायची."

आक्काने पिशवी खाली ठेवली. तिसरी नळी तिने या वेळी दोन्ही हातांनी उचलली.