यमुनाबाईचे भरलेले गाल

उपाशी बाईचे गाल मी पेन्सिलीने भरले होते. तेव्हा धुळ्यातल्या एका स्टुडिओत मी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यांवरचे खळगे-सुरकुत्या बुजवायची. स्थळांना पाठवलेल्या फोटोंतल्या निम्म्या मुलींचं रूप माझ्या हातचं, असा माझा तोरा. नाक एवढं वर, की पेन्सिल दिसायची तेच नवल!

मग जळगावहून कुसुमअक्का आल्या. गिरणी बंद पडलेली, आणि अक्का कामगारांच्या चाळीत फोटो काढत हिंडायच्या. कुठेही गेल्या की कॅमेरा पिशवीतच. आधी पाणी मागायचं. “पाणी दिलं म्हणजे घरात घेतलं. नाही दिलं, तर मुकाट परतायचं,” म्हणायच्या. लोक पाणी द्यायचे, मग पिठाचा रिकामा डबाही उघडून दाखवायचे. मी त्याच चाळीशेजारी वाढले. मला कधी कुणी ओट्यावर बस म्हटलं नाही. त्यात स्टुडिओचे मालक नाना अक्कांचे रोल धुताना म्हणायचे, “बघ, याला म्हणतात फोटो!” माझा जळून कोळसा.

हे फोटो चाळीला सरकारी धान्य मिळावं म्हणून केलेल्या अर्जासोबत कचेरीतल्या साहेबांना दाखवायचे होते. चाळीतल्या यमुनाबाईची निगेटिव्ह हाती आली. म्हटलं, थांबा, दाखवतेच फोटो कशाला म्हणतात! दुपारभर खपून तिचे गाल भरले, डोळ्यांखालचं काळं घालवलं.

साहेब फोटो बघून म्हणाले, “वर्षभर गिरणी बंद म्हणता, आणि ही बाई तर माहेरपण करून आल्यासारखी!” अर्ज बाजूला पडला. यमुनाबाईने वाकून बघितलं. “हाई कोन शे वं माय? मी ते नही!”

अक्का ओरडल्या नाहीत. टर्पेंटाइन मागवलं, कापसाचा बोळा माझ्या हाती दिला आणि पेन्सिल पुसून होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या. नव्या फोटोवर धान्य मंजूर झालं; पण मधल्या आठवड्यात यमुनाबाईचं शिलाई मशीन विकलं गेलं होतं. ते कळलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडले.

गेल्या महिन्यात अक्का गेल्या. केवढी माणसं जमली होती! तिथेही मी जळलेच.

त्यांनी काढलेला माझा एकच फोटो भिंतीवर आहे. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, नुसतं ध्यान! मी भिंतीकडे तोंड करून रडत होते, त्या दिवशी मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आधी पाणी दे मला. हं. आता तोंड इकडे कर. आणि या निगेटिव्हला पेन्सिल लावशील तर बघ!”