झिऱ्यावर साडेआठ ते दहा

लग्नाआधी दोन वर्षं मी कळंबच्या शाळेत शिकवत होते. लग्न होऊन पांढरकवड्याला आले आणि नोकरी सुटली. माझं अक्षर चांगलं म्हणून सासऱ्यांची पत्रं लिहायचं काम तेवढं माझ्याकडे आलं. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. जंगलातलं लाकूड तोडायचा ठेका त्यांच्याकडे होता, आणि त्या साली त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप आणली होती. ती कोणाला तरी दाखवायची त्यांना फार घाई झाली होती.

वैशाखात नागपूरचे एक वकील सपत्नीक यायचे ठरले. त्यांना एका दिवसात सगळं जंगल बघायचं होतं. मामाजी म्हणाले, "सूनबाई, कागद घे. कुठून निघाचं, कुठं थांबाचं, कुठं जेवाचं, सारं बराबर लिहून काढ. वकिलाले वाटलं पाह्यजे का आपण काई अडाणी नाई."

खरं सांगते, मला आनंद झाला. घरातून बाहेर पडायला मिळणार होतं, आणि पुष्कळ दिवसांनी कोणी मला डोकं चालवायला सांगत होतं. मी ड्रॉइंगचा कागद आणला, पेन्सिली तासल्या. लाकडाच्या ट्रकवाल्यांना विचारून कुठल्या नाल्यात चाकं रुततात ते लिहिलं. रेडिएटरसाठी पाण्याचे दोन डबे, प्यायला सुरई, पुऱ्या, कैरीचं पन्हं, सगळ्याची यादी केली.

जंगलाच्या आतली माहिती दिली ती कोलाम आदिवासींच्या नाईकानं, त्यांच्या म्होरक्यानं. त्यांचं पोड, म्हणजे दहा-बारा झोपड्यांची वस्ती, जंगलातच होती. तो बांबूच्या टोपल्या घेऊन आमच्याकडे यायचा. अंगणात उकिडवा बसून त्यानं बोटानं धुळीत नाला काढला.

"हे सारं सुकलं बाई. इथं एक झिरा हाय. वाळू उकरली का पाणी लागते. आमी तेच पेतो, जनावरबी तेच पेते."

मी निळ्या पेन्सिलीनं झिऱ्याभोवती गोल केला आणि बाजूला लिहिलं : साडेआठ ते दहा, जनावरं पाहणे.

मामाजींनी कागद वाचला. "पोडातल्या बाया सकाळी तिथं पाणी भरतात ना? मग जनावर कसं येईन?" त्यांनी गड्याला हाक मारली. "नाईकाले सांग, आयतवारच्या आधीचे दोन रोज अन् त्या दिवशी आमी जाईपर्यंत झिऱ्यावर कोणी फिरकाचं नाई."

मी म्हटलं, "मामाजी, मग ते पितील काय?"

"दोन दिवसानं कोणी मरत नाई."

पोडातली सगळी माणसं त्यांच्याच ठेक्यावर कामाला होती. निरोप मोडायची कोणाची छाती नव्हती. मी कागद शाईनं पक्का करून दिला.

रविवारी पहाटे आम्ही निघालो. मामाजी जीप चालवत होते, शेजारी वकील, मागे वकिलीणबाई आणि मी. साग पार निष्पर्ण झाला होता. धूळ नाकातोंडात जात होती आणि वकिलांच्या अत्तराचा वास तिच्यात मिसळून घसा दाटत होता. अर्ध्या वाटेत वकिलीणबाईंना मळमळलं आणि त्यांनी लुगड्यावरच ओकारी काढली.

झिऱ्यावर पोचलो तर एक चितळसुद्धा नव्हतं. जीपचा आवाज कोसभर आधी गेला असणार. वाळूत घमेल्याएवढा खड्डा आणि त्यात वीतभर निवळ पाणी. आम्ही तासभर थांबलो. वकील कंटाळले. त्यांनी बूट काढले आणि पाय त्या खड्ड्यात सोडले. "वा! काय गार आहे हो!" मग वकिलीणबाईंनी साबणाची वडी काढली आणि लुगड्याचा भरलेला पदर त्यातच खळखळून धुतला. पाण्यावर फेस आला, फेसावर सकाळच्या पोह्यांचे कण तरंगायला लागले. वकिलांनी चूळ भरून विडा थुंकला, तोही तिथंच.

मी तोंड फिरवलं तेव्हा बांबूच्या बेटामागे मला बाया दिसल्या. डोक्यावर रिकामी मडकी, सात-आठ जणी, आणि पुढं नाईक. आम्ही कधी जातो याची वाट बघत त्या उन्हात उभ्या होत्या.

वकिलांनी मामाजींना कोपरानं ढोसलं. "पहा, जनावरं आली एकदाची."

मामाजी खदखदून हसले. वकिलीणबाई हसल्या. आणि मीही हसले. कोणी जबरदस्ती केली नव्हती, तोंडातून हसू निघून गेलं. तेवढ्यात नाईकानं माझ्याकडे पाहिलं.

मी लोटा घेऊन खड्ड्याशी बसले आणि ते घाण पाणी उपसून लांब फेकायला लागले, म्हणजे खालून नवं झिरपेल. मामाजींनी भोंगा वाजवला. "सूनबाई, काय करून राह्यली? चाल!" मी उपसतच होते. एक म्हातारी खाली आली. तिनं माझ्या हातातला लोटा काढून घेतला, वाळूवर पालथा घातला आणि तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली.

नाईक म्हणाला, "ते म्हंते, तुमी जा. तुमचा हात नोको लावू."

जीपमध्ये पाण्याचे दोन भरलेले डबे होते. ते उतरवून द्यावेत असं मला तेव्हाच सुचलं होतं. मामाजींच्या भीतीनं मी दिले नाहीत. घाटात रेडिएटर तापला आणि तो ते सगळं पाणी पिऊन बसला.

घरी आल्यावर मला अन्न जाईना. माझ्या हातांना साबणाचा वास येतोय असं वाटायचं. सासूबाईंना वाटलं गोड बातमी आहे. तिसऱ्या दिवशी मी मामाजींना सरळ म्हटलं, "आपण त्यांचं पिण्याचं पाणी नासवलं."

"तुले कायले एवढा कळवळा? ते वाळू उकरतीन, पाणी येईन." त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या वैशाखात वकिलांचं पुन्हा येतो असं पत्र आलं. मामाजींनी कागद पुढं केला. मी म्हटलं, "मी नाही लिहीत." कागद घेतला नाही. त्यांनी दिवाणजीकडून लिहून घेतलं आणि ते माझ्यावाचून गेले.

त्या खेपेस त्यांना झिऱ्यावर रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, मोठा कळप दिसला. वकिलीणबाई फार खूश होत्या म्हणे.