पंगत सरकली

नांदेडच्या एका दवाखान्यात मी अवयवदानाच्या समन्वयाचं काम करते. म्हणजे ज्या घरावर आभाळ कोसळलंय, त्याच घरापुढं जाऊन हात पसरायचा. लोक शिव्या देतात, हाकलून लावतात. त्यांचं तरी काय चुकतं? दर शनिवारी मी मारुतीला जाते, पण पूर्वी तेल वाहताना सरळ विचारायचे, 'बाबा, ऐकतोस तरी का?'

एके दिवशी भोकरकडच्या एका माउलीनं मात्र मी तोंड उघडायच्या आधीच होकार दिला. अपघातानंतर तिच्या तरण्या लेकाचा मेंदू मृत झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझा हात धरून ती एवढंच म्हणाली, "माझ्या लेकाचं काही वाया जाऊ देऊ नको, बाई."

एक किडनी लातूरच्या एका शिक्षिकेला बसवायची होती. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मी निघाले. अहमदपूरच्या अलीकडं ट्रक आडवा झालेला, म्हणून आमच्या ड्रायव्हरचाचांनी गाडी आडवाटेच्या एका गावात घातली. बघते तर काय! मारुतीच्या पारापासून वेशीपर्यंत भर रस्त्यात सप्त्याची पंगत बसलेली. मागं फिरावं तर फार उशीर झाला असता, आणि किडनी काही आपल्यासाठी थांबत नाही. वाढपी म्हणाला, "ताई, बसलेली पंगत उठवत न्हाईत. जेवणं होऊ द्या, मग सोडतो."

माझं डोकंच फिरलं. देवळाकडं बघून ओरडले, "अरे, तू आख्खा डोंगर घेऊन उडालास, अन् माझा एवढासा डबा तुला जड झाला व्हय?"

सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. पहिल्याच पानावरच्या म्हातारीनं विचारलं, "काय हाय गं डब्यात?" मी सांगितलं. तिनं हातातला घास खाली ठेवला. "उठायचं न्हाई, खरंय. पण सरकायला कुणाच्या बापाचं काय जातंय? सरका गं!" अन् पत्रावळ उचलून ती बसल्या बसल्याच भिंतीकडं सरकली. मग तिची शेजारीण, मग फेटेवाले बाप्ये, लेकुरवाळ्या बाया, सगळे वरण सांभाळत, खिदळत कडेला. वाढपी पुढं पळत ओरडत होता, "सरका, मारुतीरायाचा डबा चाललाय!" चाचा मुंडी बाहेर काढून सगळ्यांना "शुक्रिया, शुक्रिया" म्हणत होते. मला हसावं की रडावं कळेना. म्हातारीनं खिडकीतून बुंदीचा द्रोण माझ्या हातात कोंबला.

संध्याकाळी लातूरचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "लघवी सुरू झाली!" म्हणजे नवी किडनी काम करायला लागली; आमच्या कामात याहून गोड बातमी नाही. ती म्हातारी कोण होती, मला ठाऊक नाही, आणि देवच आला होता असंही मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून तेल वाहताना काही विचारत नाही. डबा मी घट्ट धरते, रस्त्याचं तो बघतो.

त्या संध्याकाळी लातूरहूनच त्या माउलीला फोन लावला. किडनी कुणाला बसली ते सांगायची आम्हाला मुभा नसते. "वाया नाही गेलं, माय," एवढंच बोलले. ती खूप रडली. मग नाक ओढत म्हणाली, "अन् तू जेवलीस का गं सकाळपासून?"

द्रोण अजून पिशवीत तसाच होता. तिच्या लेकाच्या नावानं थोडी बुंदी बाजूला काढली, आणि मग जेवले.