कवळीचं माप

त्या दातांच्या दवाखान्यात येणारी माणसं डॉक्टरीणबाईंना पाठीमागे 'रेडिओबाई' म्हणायची, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. वय अठ्ठेचाळीस, बावीस वर्षांची प्रॅक्टिस, हात इतका हलका की सुई टोचल्याचं कळायचं नाही. पण तोंडाला म्हणून विसावा नाही. बरं, ऐकणाऱ्याची काय गत? खुर्ची आडवी, जबडा वासलेला, गालात कापूस, जिभेखाली थुंकी ओढणारी नळी. बिचारा पळणार कुठे?

"हल्लीच्या मोठ्या माणसांना झालंय तरी काय?" दाढ कोरता कोरता ती सुरू व्हायची. "दोन मजले चढायला लिफ्ट लागते, आणि मग रात्री हॉलमध्ये गोल गोल फिरून पावलं मोजतात. फोन करायच्या आधी 'फोन करू का' म्हणून मेसेज! अहो, सख्ख्या बहिणीला? आणि आता नवीन खूळ म्हणजे प्रत्येकाला एकटं राहायचंय. एकटं राहणं हे काय बक्षीस आहे का? माणसाला माणूस लागतं की नाही, सांगा बरं!"

"आं," पेशंट म्हणायचा.

"तेच म्हणते मी!"

एकोणीस वर्षं तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या सिस्टरना माहीत होतं की त्या 'आं'चा अर्थ कधी 'दुखतंय' असतो, कधी 'थुंकू द्या', आणि कधी 'बाई, तुमचं काहीतरीच' असाही असतो. त्या गुपचूप नळी सरकवायच्या, पेशंटच्या खांद्यावर हात ठेवायच्या. डॉक्टरीणबाई मात्र प्रत्येक 'आं' आपल्या बाजूचं मत म्हणून धरायची. वाईट नव्हती हो ती. भरवशाची होती, कष्टाळू होती. पण आपलं बरोबर आहे याची एवढी सवय झालेली, की समोरच्याला तोंड आहे हे ती दातांची डॉक्टर असून विसरायची.

मंगळवारी सकाळी कवळ्या बनवणाऱ्या लॅबवाल्याचा फोन आला.

"मॅडम, शुक्रवारचं माप पुन्हा घ्यावं लागेल. त्या आजींचं."

"माझं माप?" तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षांत तिचं एक माप परत आलं नव्हतं. "तुमचंच प्लास्टर पातळ झालं असेल. माझ्यावर कशाला ढकलता?"

"प्लास्टर ठीक आहे मॅडम. पेशंट मधेच बोललाय. खालच्या मापात जिभेने ओढल्याच्या खुणा आहेत, एकदा नाही, दोन-तीनदा. साचा पाठवलाय, बघा तुम्हीच."

त्या आजी म्हणजे तिची आई.

आई चौऱ्याहत्तरची. नवरा गेल्यापासून बारा वर्षं आपल्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. गेल्या थंडीत स्वयंपाकघरात पाय घसरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत दोन तास फरशीवर पडून होती. त्या दिवसापासून डॉक्टरीणबाईच्या जिवाला घोर लागला. फोन दोनदा वाजूनही आईने उचलला नाही की ही शेजारणीला फोन लावायची. शेवटी तिने निर्णय घेतला. परदेशातल्या धाकट्या भावाशी बोलली, आपल्या घरातली मागची खोली रंगवून घेतली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, आईच्या घराला गिऱ्हाईकही शोधलं. आणि शुक्रवारी कवळीचं माप घेताना, आईच्या तोंडात गुलाबी लगद्याने भरलेला साचा असताना, आईला सांगितलं.

तो लगदा घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ जीभ हलवायची नाही, बोलायचं नाही. तीन मिनिटं तिला भरपूर झाली.

"आई, मी सगळं ठरवलंय. मंगळवारी पाच वाजता एजंट गिऱ्हाइकाला घेऊन येतोय, तू फक्त सही करायची. सामानाचं मी बघते. आता एकटं राहायचं नाही."

"आं," आई म्हणाली होती. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "आं… आं."

"बघ, मला माहीतच होतं तू समजून घेशील."

मग साचा काढला, पुढचा पेशंट दारात, आईने चूळ भरली, हनुवटी पुसली आणि पदर तोंडावर धरून ती निघून गेली. ते माप न्याहाळून बघायचंसुद्धा हिला सुचलं नाही. एरवी बघितल्याशिवाय पुडी बांधू द्यायची नाही ती.

साचा आला दुपारी. तिने तो दिव्याखाली धरला. हिरडीची कड कशी सुरेख उतरली होती, आणि आतल्या बाजूला, जिथे जीभ शांत पडून राहायला हवी, तिथे तीन फरकाटे. हे वाचायला तिला लॅबवाला नको होता. कुणीतरी तीनदा जिवाच्या आकांताने काहीतरी सांगायला बघितलं होतं.

ती स्टूल ओढून बसली.

"सिस्टर, शुक्रवारी आई काही म्हणत होती का हो?"

"म्हणत होत्या की."

"काय?"

"ते कसं कळणार? तुम्ही बोलत होतात."

"अहो, मग मला थांबवायचं नाहीत का?"

सिस्टरनी हातातला ट्रे खाली ठेवला. "मॅडम, राग मानू नका. एकोणीस वर्षांत तुम्ही कुणासाठी थांबलात?"

एरवी या बोलण्यावर दवाखाना डोक्यावर घेतला असता तिने. आज नुसती घड्याळाकडे बघत राहिली. तीनला आई येणार होती, कवळीच्या पुढच्या कामाला, आणि पाचला सही.

आई आली ती नीटनेटकी, केस विंचरलेले, पिशवीत घराच्या कागदांची फाईल. दातांशिवाय तिचा चेहरा आत गेलेला, त्यामुळे ती हल्ली सगळ्यांशी तोंडावर हात ठेवूनच बोलायची. खुर्चीवर चढायला निघाली तशी लेकीने तिला बाजूच्या साध्या खुर्चीत बसवलं.

"आई, शुक्रवारी तू काय म्हणत होतीस?"

"कधी?"

तिने साचा आईच्या हातात दिला. "हे बघ. इथे, इथे आणि इथे."

आईने त्या फरकाट्यांवरून बोट फिरवलं. "एवढं दिसतं यात?" ती म्हणाली. "आता जाऊ दे ना. तुम्हाला सोयीचं ते करा."

"जाऊ दे नाही. सांग."

"म्हटलं, थांब. मग म्हटलं, अगं थांब ना. आणि शेवटी म्हटलं, मला विचार तरी."

"मग आता विचारते. विकायचं का घर?"

"नाही." आईने तोंडावरचा हात काढला होता. "अगं, बासष्ट वर्षं मी कुणाच्या ना कुणाच्या वेळेवर उठले. बापाच्या, सासूच्या, नवऱ्याच्या, तुम्हा पोरांच्या. माझी झोप पुरी होते म्हणजे काय ते त्या दोन खोल्यांत कळलं मला. ते काय म्हणून सोडू?"

"आणि पुन्हा पडलीस तर? दोन तास पडून होतीस तू! मी रोज फोन हातात धरून बसते. भीती वाटते मला, आई. खूप भीती वाटते."

"मग असं म्हण ना!" आई म्हणाली. "भीती तुझी, आणि घर माझं विकतेस?"

सिस्टर खिडकीकडे तोंड करून उगाच कापसाचे बोळे मोजत होत्या.

लेकीने एजंटला फोन करून पाचची भेट रद्द केली. तो चिडला, चिडू दे. आई खुर्चीवर आडवी झाली, सिस्टरनी लगदा कालवायला घेतला, आणि तेवढ्यात भावाला सांगून टाकावं म्हणून तिने त्याला फोन लावला. म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम.

"घर विकत नाही आहोत," ती म्हणाली. "आईची इच्छा नाही."

"आत्ता? आज सही ना? तुला कधी कळलं हे?"

"आत्ताच. मी विचारलं तिला."

धाकट्याने, अगदी साध्या आवाजात, विचारलं, "ताई, म्हणजे आधी विचारलंच नव्हतंस? मला तर म्हणालीस, आई हो म्हणाली."

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. वाटीतला लगदा तोवर दगडासारखा झाला. सिस्टरनी तो खरवडून टाकला आणि दुसरा कालवायला घेतला.