गॅसशिवाय केलेला फज

काकूंच्या घरी मी अकरा महिने राहिले आणि त्यातले साडेदहा महिने त्यांच्या गॅसला हात लावला नाही. त्यांनीच तसं सांगितलं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी केमिस्ट्रीत पीएच.डी. करायला मालवणहून शिकागोला आले. बाबांचे एक कॉलेजमित्र शिकागोजवळच्या शॉमबर्गला स्थायिक झाले होते. इंजिनिअर होते, कामानिमित्त निम्मा महिना बाहेरगावी असत. त्यांनी बाबांना पत्र लिहिलं, "मुलीची काळजी करू नकोस, आमच्याकडे राहील, भाड्याबिड्याचं नाव काढू नकोस." बाबांनी ते पत्र आल्यागेल्याला वाचून दाखवलं होतं. कुणी उपकार केला की तो बाबांना फार लवकर कळायचा, आणि मग तो आयुष्यभर विसरता येऊ नये अशी सोय ते करून ठेवायचे.

काका मला विमानतळावर घ्यायला आले. घरी पोचलो तर काकू दारात उभ्या होत्या. पुण्याच्या, गोऱ्या, केस आखूड कापलेले. माझ्या बॅगांकडे बघून म्हणाल्या, "बूट इथेच काढ. कार्पेट नवीन आहे."

त्यांची मुलगी दुसऱ्या राज्यात कॉलेजला होती. तिची वरची खोली रिकामी होती, पलंगावर चादरसुद्धा घातलेली होती. मला बेसमेंट दिलं. एक खाट, एक टेबल, वॉशिंग मशीन आणि बिघडत बिघडत चालणारा जुना फ्रिज. मी तक्रार केली नाही. तोवर मला काही खटकलंही नव्हतं.

खटकलं ते दुसऱ्या आठवड्यात. आईने एका डब्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, भरून दिले होते. शनिवारी काकू बाहेर गेल्या होत्या, मला भूक लागली होती, आणि मी कांद्यावर सोडे परतले. आईच्या हातचं काहीतरी खावं, एवढंच मनात होतं. काकू परत आल्या त्या नाकाला रुमाल लावूनच. सगळ्या खिडक्या उघडल्या. कढई उचलून बाहेर गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. मग शांतपणे म्हणाल्या, "यापुढे तू गॅसला हात लावायचा नाहीस. मी करीन ते खायचं. तुमच्याकडे चालत असेल, माझ्या पडद्यांना तो वास चालणार नाही."

"सॉरी काकू. मला माहीत नव्हतं."

"माहीत नसतं तर विचारायचं असतं."

यात त्यांचं बरोबर होतं, हे मी आजही मान्य करते. विचारायला हवं होतं. पण त्यानंतर 'मी करीन ते' म्हणजे सकाळी ब्रेड, आणि संध्याकाळी मी युनिव्हर्सिटीतून बस आणि ट्रेन करत आठ वाजता पोचायची तेव्हा झाकून ठेवलेला थंड भात. तोही कधी असायचा, कधी नसायचा. भांडी मात्र रोज माझी वाट बघत असायची. शनिवारी व्हॅक्यूम, रविवारी बाथरूम. हे ठरलेलं कधीच नव्हतं. नुसतं व्हॅक्यूम क्लीनर जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवलेला असायचा.

आमच्या डिपार्टमेंटच्या सेक्रेटरी बाईंनी नोव्हेंबरात एकदा घरून फज आणला. मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. आपल्या वडीसारखाच, पण चॉकलेटचा. कसा करतात विचारलं तर म्हणाल्या, सोपा प्रकार आहे, गॅससुद्धा लागत नाही, मार्जरिन, म्हणजे लोण्यासारखं वनस्पती तूप, वितळवून घ्यायचं आणि बाकी सगळं त्यात कालवायचं. गॅस लागत नाही एवढंच मी ऐकलं.

मार्जरिन माझ्याकडे नव्हतं. घाण्याचं खोबरेल होतं, आईने डबा सीलबंद करून दिलेलं. आमच्याकडे ते स्वयंपाकात वापरतात. बेसमेंटच्या जमिनीत गरम हवेची एक जाळी होती. त्या जाळीवर मी तेलाची वाटी ठेवली. थंडीने दगड झालेलं खोबरेल दहा मिनिटांत पाण्यासारखं झालं. त्यात कोको चाळून घातला, पिठीसाखर, दुधाची पावडर, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला. चमच्याने घोटत राहिले. आधी गुठळ्या, मग चिखल, आणि मग एकदम चकाकी आली. ताटलीत मेणकागद घालून ओतलं आणि जुन्या फ्रिजमध्ये ठेवलं. तासाभराने सुरीने वड्या पाडल्या. तोंडात टाकली की आधी चॉकलेट आणि मागून ओल्या नारळासारखा वास. खाटेवर बसून मी सहा वड्या खाल्ल्या. या देशात आल्यापासून माझ्या हाताने करून निवांत खाल्लेलं ते पहिलं काहीतरी होतं.

काकू कपडे धुवायला खाली आल्या आणि त्यांनी फ्रिज उघडला.

"हे काय?"

मी सांगितलं.

"केसाचं तेल?" त्या म्हणाल्या. "तुम्ही लोक काय काय खाता." आणि एक वडी उचलून तोंडात टाकली. मग दुसरी घेतली. जाताना ताटली घेऊन वर गेल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी मला दोन ताटं करायला सांगितलं. "कोको, साखर, सगळं आणून ठेवलंय. तेलही डेव्हनवरच्या इंडियन दुकानातून आणलंय." मी केलं. मला बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. आता जरा सूत जमेल असं वाटलं.

पंधरा-वीस बायका आल्या होत्या. घर नेहमीसारखं गार. काकू थर्मोस्टॅट पासष्ट फॅरनहाइटच्या वर जाऊ देत नसत, ज्याला थंडी वाजेल त्याने स्वेटर घालावा. त्या गारव्यात वड्या दोन तास टेबलावर होत्या तरी कडा धारदार. मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. एका वयस्कर मावशींनी वडी खाऊन काकूंना विचारलं, "काय सुरेख झालीय गं. कशी केलीस?"

काकू म्हणाल्या, "अहो, काही नाही. गॅससुद्धा पेटवावा लागत नाही. खोबरेल वापरलंय. मला आपलं सुचलं एकदा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी समोरच उभी होते, ट्रे हातात. मी काही म्हणेन का, असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी ट्रे पुढच्या बाईंसमोर धरला.

भांडी घासताना मी बोलले. "काकू, वड्या मी केल्या होत्या."

"मग?"

"तुम्ही म्हणालात की तुम्ही—"

"कोको माझा, साखर माझी, घर माझं," त्या पुसलेली कपबशी कपाटात ठेवत म्हणाल्या. "तू नुसतं ढवळलंस. आणि पंधरा बायकांसमोर मी काय सांगायला हवं होतं, आमच्याकडे बेसमेंटमध्ये एक मुलगी राहते ती करते?"

त्यानंतर वड्या ही काकूंची खासियत झाली. कुणाचं डोहाळजेवण, कुणाचा वाढदिवस, मराठी मंडळाची मीटिंग. माझी पीएच.डी.ची क्वालिफाइंग परीक्षा सोमवारी होती आणि रविवारी दुपारी त्यांनी कोकोचा डबा जिन्यात आणून ठेवला. मी एक हात वहीवर ठेवून दुसऱ्या हाताने ढवळलं. परीक्षा पास झाले, पण त्या दुपारी मला जो राग आला तो गेला नाही. मी त्यांच्याशी बोलणं 'हो' आणि 'नाही'वर आणलं. त्याही माझ्याशी जिन्यावरून बोलायच्या, खाली यायच्या नाहीत. काका घरी असले की म्हणायचे, "तिचं मनावर घेऊ नकोस." मग ते पेपर वाचायला लागायचे.

जूनमध्ये एकदा मी लवकर घरी आले. काकू स्वयंपाकघरात फोनवर होत्या, मी दारात बूट काढत होते. "नाही गं, काडीची मदत नाही," त्या सांगत होत्या. "आयतं बसून खाते. साधा चहा करायला नको. ह्यांच्या मित्राची मुलगी, काय बोलणार. वर बाप पत्रात लिहितो, मुलीसारखी सांभाळा." आणि हसल्या.

मी बूट हातात घेऊन खाली गेले. भांड्यांचं, व्हॅक्यूमचं मला काही वाटलं नाही. बाबांच्या पत्राला हसल्या, ते लागलं. माझे बाबा ती पत्रं दोनदा कच्ची लिहून मग पक्की करायचे.

जुलैत मंडळाची पिकनिक होती. काकूंनी फर्मान काढलं, चार ताटं. मी केली. पिकनिकच्या सकाळी ताटं फ्रिजमधून काढून त्यांनी त्यावर फॉइल लावलं आणि मला विचारलं, "बाहेर टिकतील ना?"

खोबरेल शहात्तर फॅरनहाइटला, म्हणजे चोवीस सेल्सिअसला वितळतं. केमिस्ट्री शिकणाऱ्या मुलीला हे माहीत नसेल असं कुणी म्हणू शकणार नाही. रेडिओवर सकाळीच सांगितलं होतं, नव्वदच्या वर जाणार. काकूंनी आतापर्यंत त्या वड्या फक्त आपल्या पासष्टच्या घरात आणि दुसऱ्यांच्या हिवाळी घरांत बघितल्या होत्या.

"संक्रांतीला टिकल्या होत्या की," मी म्हटलं.

मी खोटं बोलले नाही. पण मी काय करत होते ते मला पूर्ण माहीत होतं.

पिकनिकला काकू पांढरी पँट घालून आल्या होत्या. ताटं टेबलाच्या टोकाला ठेवली होती, आणि दुपारी ऊन सरकत सरकत बरोबर तिथे आलं. जेवणं झाल्यावर काकूंनी जाहीर केलं, "आता माझा फज." त्यांनी पहिलं ताट उचललं, स्वतःकडे जरा कललं असेल, आणि फॉइलच्या कडेतून तपकिरी तेलाचा ओघळ त्यांच्या पँटवरून गुडघ्यापर्यंत गेला. त्यांनी ताट सोडलं. उरलेलं बुटांवर.

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मुलं 'यक' म्हणून ओरडली. काकूंनी दुसऱ्या ताटाचं फॉइल काढलं. वर तेल तरंगत होतं, खाली कोकोचा गाळ.

"हिने केलंय," त्या माझ्याकडे हात करून म्हणाल्या. "हिला विचारलं होतं मी."

त्या संक्रांतीच्या मावशी जवळच खुर्चीवर होत्या. अगदी सहज म्हणाल्या, "पण तू तर म्हणत होतीस तू करतेस. मी तुझ्याकडून लिहून घेतली ना रेसिपी."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मला जो आनंद झाला तो मी लपवला, पण झाला. तो चांगला मिनिटभर टिकला. मग काकू कागदी रुमालांनी पँट पुसायला लागल्या, डाग पसरत गेला, आणि मदतीला कुणी उठलं नाही. तेव्हा तो आनंद थोडा कमी झाला. मीही उठले नाही.

घरी आल्यावर काकूंनी मला स्वयंपाकघरात उभं केलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"रेसिपी तुमची होती ना."

त्या एक पाऊल पुढे आल्या. मला वाटलं मारतील. पण म्हणाल्या, "शनिवारपर्यंत खोली रिकामी कर."

शनिवारी काकांनी माझं सामान गाडीत भरलं आणि मला युनिव्हर्सिटीजवळ दोन मुलींच्या अपार्टमेंटमध्ये सोडलं. वाटेत म्हणाले, "चुकलीसच तू." पुढच्या वळणावर म्हणाले, "ती एकटी असते दिवसभर. तशी वाईट नाही."

"मीही एकटीच होते, काका. त्याच घरात."

त्यावर त्यांनी सिग्नलकडे बघितलं.

काकूंचं पत्र बाबांकडे माझ्या पत्राच्या आधी पोचलं. बाबांनी त्यांची माफी मागितली आणि मला लिहिलं, ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घरातल्या बाईचं चार लोकांत हसं करणं आपल्याला शोभत नाही. काय झालं ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही म्हणून मी चिडले आणि तीन महिने उत्तर दिलं नाही. आई मध्ये पडली तेव्हा पुन्हा पत्रं सुरू झाली, पण त्या विषयावर नाही.

माझ्या पदवीदानाला बाबा आले. आल्या आल्या म्हणाले, शॉमबर्गला जायचं. काजू आणि कोकमं त्यांच्यासाठी वेगळी बांधून आणली होती. मी ड्राइव्ह करून नेलं, पण दारापाशी गाडी उभी केली आणि म्हटलं, "तुम्ही या जाऊन."

"पाच मिनिटं तरी चल."

"नाही."

ते पिशवी घेऊन गेले. दार काकूंनी उघडलं. केस पांढरे झाले होते. त्यांनी गाडीकडे बघितलं, मी आत बसलेली त्यांना दिसले असणारच. त्यांनी बाबांना आत घेऊन दार लावलं.

पाऊण तासाने बाबा परत आले. चहा चांगला होता म्हणाले. हायवेला लागल्यावर मी त्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं, फोनवरचं त्यांच्या पत्राचं बोलणं धरून. ते खिडकीतून बाहेर बघत ऐकत होते.

"हे तेव्हा लिहायचंस," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"नाही विचारलं," ते म्हणाले. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "आता दुपारी काय जेवायचं?"