दारफाळणीचा सण

मी एकदा उपास धरून बसलेल्या बाईचं दार फोडायला निघाले होते. तेव्हा मी लहान होते. नुकतीच साठी उलटली होती. आता अक्कल आली आहे असं मी म्हणते. नातवंडं म्हणत नाहीत.

ती बाई म्हणजे शारजातल्या आमच्या अल मजाजच्या इमारतीत समोर राहणारी रिबेका. बेने इस्रायली, आपल्या कोकणातली ज्यू. बोलणं इतकं अलिबागी, की मी तिला हळदीकुंकवाचं बोलावणं केलं, आणि ती आलीही! ती मुलाच्या व्हिसावर आलेली, मीही तशीच. पण तिचं दार दिवसभर उघडं. मुंबई-पुण्याहून कुणी नवं आलं, की घर मिळेपर्यंत त्याच्या बॅगा हिच्या हॉलमध्ये. मला ते मुळीच पटायचं नाही. लिफ्टपाशी उभी राहून मी ठणकावायची, "व्हिसाचे नियम कडकच हवेत. कोणीही उठतं आणि येतं!"

रिबेका हसायची. "आमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ फुटलं, तेव्हा किनाऱ्यावर तुझ्यासारखी कुणी उभी असती ना शालू, तर माझं आडनाव आज समुद्रकर असतं." मग म्हणायची, "नियम सरकारनं करावेत. चहा कुणी टाकायचा, ते कशाला सरकारला विचारायचं? आमच्या तोरात, म्हणजे धर्मग्रंथात, देव पुन्हा पुन्हा बजावतो, परक्याला छळू नका, तुम्हीही मिसर देशात परकेच होता. एकदा सांगून आपल्या डोक्यात शिरत नाही, हे त्याला माहीत असणार."

एका संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या आमचा दारफाळणीचा सण. दार बंद, फोन बंद, तोंडही बंद." मी ऐकलं फक्त 'फाळणी'. वाटलं, यांचंही कुणी पाकिस्तानात राहिलं असेल. चेहरा पाडून म्हणाले, "वाईट झालं हो." फाळणं म्हणजे दार लावून घेणं, हे मला पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या दारासमोर सुटकेसवर एक मुलगी रडत बसलेली. सोलापूरची मनीषा. एजंटानं कबूल केलेली नोकरी नव्हतीच, शारजातल्याच रोल्ला भागातल्या खोलीवरून बाहेर काढलेलं, व्हिजिट व्हिसा संपत आलेला. कुणीतरी रिबेकाचा पत्ता दिला होता, आणि नेमकं हेच दार बंद. माझं काळीज कळवळलं. एसीची हवा बाहेर जाऊ नये म्हणून मी माझं दार नीट ओढून घेतलं आणि रिबेकाचं ठोकू लागले.

"रिबेका! अगं, जिवंत आहेस ना?"

उत्तर नाही. मग भलतंच मनात आलं. वॉचमनला वर बोलावलं. "खानभाई, दरवाजा तोडो!"

त्यानं दाराला कान लावला. "अम्मा, अंदर कोई दुआ पढ़ रहा है."

तेवढ्यात दार उघडलं. पांढरी साडी, ओठ सुकलेले. रिबेकानं मनीषाकडे पाहिलं, सुटकेस उचलली, तिला आत घेतलं. माझ्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं. दार पुन्हा बंद. दिवसभर स्वतः पाण्याचा थेंबही न घेता तिनं पोरीला खजूर आणि पाव खाऊ घातला.

व्हिसा संपायच्या आत मनीषाला एका क्लिनिकमध्ये नोकरी लागली. आता गोळ्या चुकवल्या की मलाच दम भरते. रिबेका मात्र इथे नाही. मुलाची नोकरी सुटली, पाठोपाठ व्हिसाही गेला, आणि ती ठाण्याला परतली. समोर परवा नवं बिऱ्हाड आलं. त्यांच्या बॅगा लिफ्टमधून निघायच्या आत मी चहाचा थर्मास घेऊन हजर!

ही सवय मला त्या उपासाच्या दुसऱ्या दिवशी लागली. तो त्यांचा शिळा सण, भेटीगाठींचा. सकाळीच रिबेका पुऱ्यांचं ताट घेऊन आली. मी हात पुढे करून दाखवला. "बघ, त्या पोरीसाठी ठोकून ठोकून सुजला!"

तिनं ताट ठेवलं, माझा हात हातात घेऊन कुरवाळला, माझ्या रिकाम्या सोफ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "शालू, सण माझा होता ना गं? मग दार तू का फाळलंस?"